देवी आली नव्हती

मुंबई, मार्च १९८६

तीर्थस्वरूप आईस, कुंदाचा नुसताच नमस्कार.

मी बरी आहे. गोळ्यांनी भूक लागते, चेहराही गोल झालाय. बाबांचा खोकला कसा आहे?

डॉक्टर म्हणाले, हा स्नायूंचा आजार. माझं रक्तच माझ्या मांसावर उलटलंय. जांभळ्या पापण्या, बोटांच्या सांध्यांवरचे लाल चट्टे, सगळं त्याचंच. तपासणीला एक नऊ वर्षांची मुलगी येते, तिलाही हेच. गुडघ्यांवर हात टेकत टेकत उठते बिचारी. तिला कुणी देवी म्हणत नाही.

आये, जत्रेत माझ्या अंगात आलं नव्हतं. पाया पडायला वाकले आणि मांड्यांत उठायचं बळच राहिलं नाही. तिथेच थरथरत राहिले. यमुनाकाकू ओरडली, "देवी इली गो!" आणि मी लाजेने गप्प बसले.

आता ती आजारी नातवासाठी माझ्या हातचा अंगारा मागते, असं तू लिहिलंस. वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला खरं सांग गो. पोराला आधी डॉक्टरकडे ने म्हणावं.

वर साष्टांग नमस्कार लिहिला नाही, म्हणून रागावू नकोस. जत्रेत वाकले, तेव्हा लोक माझ्याच पाया पडले.

तुझी
कुंदा