मागच्या गाडीचा ब्रेक

शनि., ११ ऑक्टो.
खण्ण, खण्ण. पहाटे तोच आवाज कानात. शाळेच्या भिंतीपलीकडून उसाच्या ट्रॉल्या जायच्या, त्यांच्या लोखंडी दांडीचा. ट्रॅक्टरवर माझा थोरला भाऊ, अप्पा. वर्गात कविता चाललेली असायची. आवाज आला की मी एका ओळीपुरता गप्प. एकदा उतारावर ट्रॉलीनं ट्रॅक्टर मागून रेटला. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक कुठला? अप्पा गेला, तेव्हा आम्ही कविता म्हणतच होतो.

परवा माझ्या मुलाच्या, समीरच्या पिकपचं तेच होता होता राहिलं. जेटीच्या उतारावर बोटीच्या ट्रेलरनं गाडी ढकलली, पाणी हातभर उरलं. त्याच्या शेजारी माझी आठ वर्षांची नात, इरा. काल सूनबाई, कावेरी, तिला घेऊन शहराच्या दुसऱ्या भागात, आंग मो किओला बहिणीकडे गेली. भांडण नाही. नुसती बॅग भरली.

रवि., १२
ट्रेलरला विजेचे ब्रेक आहेत. ते चालवणारा कंट्रोलर पिकपमध्ये नाही. समीर म्हणाला, दिवाळीनंतर बघू. दोन वर्षं हेच. म्हटलं, "आयुष्यभर डेपोत बसच्या वायरी जोडल्या. तू फक्त कंट्रोलरची डबी आण." संध्याकाळी डबी टेबलावर.

मंगळ., १४
पुंगोलला, त्याच्या बोटींच्या यार्डात. चार वायरी. पांढरी बॉडीला, काळी फ्यूजमधून बॅटरीला, लाल पेडलच्या स्विचला, निळी मागे ट्रेलरकडे. शाळेतल्या चालीवर म्हणत बसलो. डॅशबोर्डखाली उताणा पडलेला समीर म्हणाला, "आबा, यमक नाही जुळलं तरी थांबेल ना गाडी?" किती दिवसांनी चेष्टा केली.
प्लग जोडला. डबीवर ट्रेलरचा दिवा लागेना.

गुरु., १६
वायरी पुन्हा तपासल्या. सगळं बरोबर, दिवा नाही.
इराचा फोन. "आबा, मम्मी से पपाज कार कॅनॉट, लाह." म्हणजे पपांच्या गाडीत बसायचं नाही. मागे कावेरी असणार. तिलाही ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हटलं, आम्ही ब्रेक बसवतोय.

शुक्र., १७
सापडलं. पिकपच्या मागच्या सॉकेटमध्ये, ब्रेकच्या छिद्रात, कुंकू वाळून घट्ट. त्यात अक्षतेचा एक दाणा. दसऱ्याला कावेरीनं गाडीची पूजा केली होती. ट्रेलर जोडतात तिथंसुद्धा, झाकण उचलून. तिला काळजी तिथलीच.
मी चिमट्यानं दाणा काढला, टाकणार, तर समीरनं हात पुढे केला. शर्टाच्या खिशात ठेवला.
छिद्र घासलं. दिवा लागला. उतारावर त्यानं पेडल दाबलं. ट्रेलर जागच्या जागी. मी कान देऊन उभा होतो. खण्ण नाही.

शनि., १८
वर्कशॉपमध्ये तपासून घेतलं. ठीक आहे म्हणाले.
समीर फोन करत नाही. "काय सांगू, आबा? ब्रेक बसवला, ये?"
"तेवढंच सांग."
फोन हातात घेऊन बसला. मग चार्जिंगला लावला.

रवि., १९
उद्या इथली दिवाळी. पणत्या मीच पाण्यात भिजत घातल्या. आकाशकंदील खोक्यातच, तो इरा लावते.
संध्याकाळी बेल वाजली. शेजारचे असतील म्हणून उठलो. दारात कावेरी. एकटी. बॅग नाही.
आत ये म्हटलं. चप्पल काढली नाही. माझ्याकडेच बघत होती, मागे येऊन उभ्या राहिलेल्या समीरकडे नाही.
"आबा, किल्ली द्या. त्या उतारावर मला स्वतः चालवून बघायचीय. ट्रेलर जोडून."
किल्ली समीरच्या खिशात. त्याच, शर्टाच्या, दाण्याशेजारी.