बावीस दात आणि हेल्वीचा कुत्रा

मी, साइमी मुस्तोनेन, कै. आर्वी मुस्तोनेन यांची पत्नी, वय ब्याऐंशी, राहणार हाउकिवारा, तळ्याकाठचं मधलं घर, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. एक कान चालतो आणि तेवढा मला पुरतो. कोणी मला भरीला घातलेलं नाही. उलट मी या कामाला बसते म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाने आधी कॉफी घेऊ म्हणून ते टाळायचा प्रयत्न केला. याआधी मी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

लिहिणारी माझी नात टूली. मला लिहिता-वाचता येत नाही. शाळेत दोन हिवाळे गेले, पण अक्षरं माझ्यापुढे एका जागी उभी म्हणून राहिली नाहीत. मास्तरीणबाईंनी शेवटच्या बाकावर बसवलं आणि वडिलांनी तिथून उचलून लाकूडतोड्यांच्या छावणीत स्वयंपाकाला नेलं. आर्वीला हे लग्नानंतर कळलं. गावाला अजून कळलेलं नाही. गाव समजतं, साइमीचा चष्मा नेहमी घरी राहतो.

"आजी, हे मृत्युपत्रात कशाला?" असं टूली विचारते आहे. पुढे लागणार आहे. लिही.

घर, अंगण, वाफेच्या न्हाणीचा सॉना आणि तळ्यावरचा लाकडी धक्का हे माझ्या पश्चात टूलीचं. माझा एकुलता मुलगा, टूलीचा बाप एस्को याला कायद्याने त्याचा वाटा मिळतोच, मला विचारावं लागत नाही. तो त्याने जंगलाच्या पट्ट्यातून घ्यावा, घराला हात लावू नये. पट्ट्यातली भूर्जाची झाडं त्याने खुशाल विकावी, मात्र तळ्याच्या बाजूची सात ठेवावी. का, ते विचारू नये. मला आवडतात.

होडी वल्ह्यांसकट, जो ती वल्हवील त्याची. एस्कोने तिला इंजिन लावायचं बोलून दाखवलं आहे, तेव्हा त्याची नाही.

हातमाग गावच्या महिला मंडळाला द्यावा. या मंडळाने एका प्रदर्शनात माझी चिंध्यांची सतरंजी दाराशी पायपुसणं म्हणून टाकली होती आणि दिवसभर लोक तिच्यावर बूट पुसत होते. मी रागावलेले नाही. पण मागावर मधोमध आमच्या घराची खूण कोरलेली आहे, ती तासून काढायची नाही, ही अट. दर वेळी विणायला बसतील तेव्हा दिसू दे.

कुऱ्हाडी, करवत, मासे धुरवायची पेटी आणि आर्वीची बाकीची हत्यारं एस्कोला. सगळ्यांवर तीच खूण आहे: दोन उभ्या रेघा आणि एक तिरकी. या कागदाखाली मीही तीच काढणार आहे.

आता दातांबद्दल.

माझ्या तोंडात आज बावीस दात माझे स्वतःचे आहेत. ते कोणाला देता येत नाहीत, टूलीने विचारून पाहिलं. माझ्या आईचे एकोणिसाव्या वर्षी सगळे काढले होते, चांगले-वाईट एकाच दिवशी. आमच्याकडे तेव्हा मुलीला लग्नात कवळीच देत, म्हणजे नवऱ्याला पुढे दातांचा खर्च नको. आई लग्नाच्या फोटोत हसते आहे ती त्या कवळीने. लहानपणी मी ती कवळी पेल्यातून काढून बघायची. माणसाचं हसणं रात्री पेल्यात का ठेवावं लागतं, हा मला पडलेला पहिला प्रश्न. दातांचं माझं कुतूहल तिथून सुरू झालं, ते अजून गेलेलं नाही.

मी गावच्या बालवाडीत सव्वीस वर्षं स्वयंपाक केला. तिथे एकदा दंतवैद्यबाई आल्या आणि मोठी काचेची बरणी ठेवून गेल्या. पांढऱ्या गोळ्या, पेपरमिंटच्या चवीच्या. म्हणाल्या, यात साखर नाही, झायलिटॉल आहे, भूर्जाच्या लाकडातून काढतात. जेवण झालं की प्रत्येक पोराला एक.

घरी येऊन आर्वीला सांगितलं. तो अंगणात भूर्जच फोडत होता.

"म्हणजे सरपण चोखायचं?" तो म्हणाला.

"गोड लागतं."

"मग मी इतकी वर्षं चुलीत काय घालतोय? मिठाई?"

पण रात्री दात घासून झाल्यावर दोन गोळ्या मागून घेतल्या त्याने. एक गालात धरून म्हणाला, तोंडात थंडी पडल्यासारखं वाटतं. लाकडाची चव मात्र येत नाही, असं दोन-तीनदा म्हणाला. त्याची जरा निराशाच झाली.

बाईंचा शब्द म्हणून मी काही मानत नाही, बघून मानते. मी पोरांची तोंडं बघायला लागले. जेवणानंतर ओळीत उभं करायचं, आ करायला लावायचं, गोळी ठेवायची. वासही घ्यायची. हसायचं ते हसा. सोमवारी ज्यांच्या तोंडाला आंबूस वास यायचा त्यांचा शुक्रवारी कमी यायचा, आणि सुट्टीत घरी राहून आली की पुन्हा सोमवारसारखा. दोन वर्षांनी दंतवैद्यबाईच म्हणाल्या, या बालवाडीत किडके दात कमी सापडतात. तेव्हापासून मी प्रत्येक खाण्यानंतर एक गोळी घेते, आणि बावीस दात हा त्याचा पुरावा.

टूलीला पुढे मुलं झाली तर त्यांना सांगावं: गोळी खाण्याआधी नाही, खाल्ल्यावर. चावायची नाही, विरघळू द्यायची. एका वेळी एक, फार तर दोन. मूठभर खाल्ली तर जुलाब लागतात. आणि घासणं सुटत नाही. गोळी म्हणजे घासणं नव्हे. माझ्या खोलीतला गोळ्यांचा डबा टूलीचा. तो झाकण लावून वरच्या फळीवर ठेवावा, आणि असं का, ते आता सांगते.

डावीकडच्या घरात हेल्वी पाकारिनेन राहते, उजवीकडच्या घरात तोइवो ह्युत्तिनेन. मध्ये मी. शनिवारचा सॉना आम्ही तीन घरांत पाळीपाळीने तापवायचो, आधी बायका, मग पुरुष, आणि नंतर ज्याची पाळी त्याच्याकडे सॉसेज आणि गप्पा. १९९१ सालची गोष्ट. हेल्वी तेव्हा विधवा, गावच्या दुकानात गल्ल्यावर. तोइवो बिनलग्नाचा. त्या शनिवारांतून दोघांचं जमत आलं होतं. हेल्वीने पडद्यांचं कापड आणलं होतं आणि माप तोइवोच्या खिडक्यांचं घेतलं होतं. दोरी धरायला मी होते, म्हणून मला माहीत.

हेल्वीचा कुत्रा तुर्रे. अकरा वर्षांचा, तपकिरी, शेपटीचं वेटोळं. हेल्वी कामावर गेली की माझ्या पायरीवर येऊन बसायचा. गुणी प्राणी, पण तोंडाचा वास असा, की हेरिंग माशांचं पिंप उन्हात उघडं टाकलंय. मांडीवर डोकं ठेवायचा तेव्हा मी श्वास रोखून धरायची.

मला वाटलं, पोरांना गुण येतो तर याला का नाही?

एक दिवस एक गोळी दिली. वास होता तसाच. दुसऱ्या दिवशी दोन. काही नाही. मग मी विचार केला, कुत्र्याचं तोंड मोठं, जीभ लांब, त्याला जास्त लागत असणार. ऑक्टोबरातला बुधवार होता. ओंजळभर गोळ्या काल उरलेल्या कलेजीच्या केकमध्ये कालवून दिल्या. चाटून-पुसून खाल्लं त्याने आणि माझ्याकडे असं बघितलं, की आणखी आहे का?

तासाभराने तुर्रे दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात तोइवोच्या आवारात शिरला, आणि त्याच्या बटाट्याच्या तळघराच्या दारात आडवा पडला. उठला नाही. मी तेव्हा बालवाडीत पेले धूत होते, हे नंतर ऐकलं.

आता हे कळायला हवं, की तुर्रे तोइवोचे बटाटे उकरायचा. आठवड्यापूर्वीच तोइवो दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला होता, "हेल्वी, तुझा कुत्रा पुन्हा माझ्या बटाट्यांत दिसला तर बघ मग." चेष्टेत म्हणाला होता. आणि तळघरात त्याने उंदरांचं औषध ठेवलं होतं, ते चेष्टेत नव्हतं.

मी घरी परतले तेव्हा हेल्वी माझ्यासमोर तोइवोच्या दारात उभी राहिली.

"तळघरात औषध ठेवलं होतंस?"

"ठेवलं होतं."

"झाकून?"

"झाकलं होतं, बहुतेक."

"बहुतेक," हेल्वी म्हणाली, आणि कुत्र्याला उचलून घरी गेली. त्यानंतर ती तोइवोशी बोललेली नाही. बत्तीस वर्षं झाली.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, "साइमी, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "औषधाचा डबा त्याच्या तळघरात आहे, हे तर सगळ्यांना माहीत आहे." एवढंच बोलले. पण तेवढं पुरलं. गाव तोइवोला कुत्रा मारणारा म्हणायला लागलं. आणि त्याने कधी नाही म्हटलं नाही, कारण डबा झाकला होता की नाही हे त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं. तो माणूस बत्तीस वर्षं समजतो आहे, की ते आपल्या हातून झालं.

तीन सॉने तीन घरांत वेगवेगळे तापू लागले. पडदे हेल्वीने स्वतःच्याच खिडक्यांना लावले. जमिनीवर वीतभर लोळतात. तिने ते कधी कापले नाहीत.

या फेब्रुवारीत टूली तिचं कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली. माझ्या हातून एक गोळी निसटली. टूली अशी झेपावली, की खुर्ची उलटली.

"आजी, वेड लागलंय का? डब्यावर एवढं मोठं लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"कुत्र्यांना देऊ नका म्हणून. विष असतं त्यांना. पिल्लू तर दोन-चार गोळ्यांनीही मरतं."

"हे कधीपासून लिहितात?"

"कितीतरी वर्षं. तू रोज हाच डबा उघडतेस ना?"

तेव्हा मी तिला अक्षरांचं सांगितलं. तुर्रेचं नाही सांगितलं. ते ती आत्ता, लिहिता लिहिता ऐकते आहे, आणि तिने पेन खाली ठेवलं आहे. उचल. रडायचं असेल तर नंतर रड, शाई पसरते.

एक्क्याण्णव साली गोळ्यांच्या डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं, दंतवैद्यबाईंनाही नसावं. ही माझी बाजू, आणि ती इथे संपते. पुढे लिहायला लागले तेव्हा वाचता येणारी कोणीही असती तर तिला त्याच दिवशी उमगलं असतं. मला ते डब्याबरोबर रोज हातात असून कळलं नाही. आणि कळल्यावर मी आठ महिने गप्प बसले, त्याला अक्षरांचं कारण नाही. तोइवोकडे रोज बघत होते. सकाळी टपालपेटीशी येतो, हेल्वीचा पडदा हलला की मान खाली घालून परत जातो. तो एक्क्याऐंशीचा आहे. मी मेल्यावर वकिलाने हे वाचून दाखवावं असं ठेवलं, तर तोवर त्याचं काय राहील?

म्हणून हे सांगते: तुर्रे माझ्या हातून मेला. तोइवो ह्युत्तिनेन याचा त्यात काही संबंध नाही. त्याचा उंदरांच्या औषधाचा डबा झाकलेला असो, उघडा असो.

हेल्वी पाकारिनेन हिला मी माझ्या मालमत्तेतून काहीही देत नाही. तोइवो ह्युत्तिनेन यालाही काहीही देत नाही. राग म्हणून नव्हे. ज्याला काही मिळतं तो साक्षीदार होऊ शकत नाही, असा कायदा आहे. साक्षीदार दोन लागतात, नात्यातले चालत नाहीत, आणि दोघं एकाच वेळी एकाच खोलीत हजर असावे लागतात. हे शेवटचं मी टूलीकडून तीनदा वाचून घेतलं. बत्तीस वर्षांत कोणाला जमलं नाही ते या कायद्याला जमेल का, हे मला बघायचं आहे.

साक्षीदारांना मजकूर कळायलाच हवा असं नाही, पण माझी इच्छा आहे, की कळावा. टूलीने सहीआधी हा कागद मोठ्याने, पहिल्यापासून, काही न गाळता वाचावा. दोघांना फक्त एवढंच कळवलं आहे, की साइमीला कागदावर सही हवी आहे. एकाने विचारलं दुसरा साक्षीदार कोण, तर टूली म्हणाली, आजी सांगेल.

वाचून झाल्यावर त्यांना जे म्हणायचं असेल ते म्हणावं. माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून म्हणावं. मी ऐकून घेईन. सही न करता कोणी उठून गेलं तर मृत्युपत्र कच्चं राहील, आणि कायद्याप्रमाणे सगळं एस्कोचं होऊन होडीला इंजिन लागेल. तेही मला चालेल.

याउपर सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

ठिकाण: हाउकिवारा, मधल्या घराचं स्वयंपाकघर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३, शनिवार

साइमी मुस्तोनेन, तिची खूण: । । ⁄

साक्षीदारांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं:

साइमी मुस्तोनेन हिने हे आपलं मृत्युपत्र असल्याचं आमच्यासमोर सांगितलं आणि खूण केली. ती शुद्धीत आहे. मजकूर पूर्ण ऐकला. मला लगेच सही करता आली नाही. मी उठून तळ्यापर्यंत जाऊन आले, साधारण तासभर लागला. साइमीला जे बोलायचं ते बोलले, ते इथे लिहीत नाही.
हेल्वी पाकारिनेन, निवृत्त दुकान-सेविका

वरीलप्रमाणे. मला तासाभरापूर्वीच सही करता आली असती, पण कायद्याने दोघं एकाच वेळी हजर लागतात, म्हणून ती परत येईपर्यंत बसून राहिलो. ती आली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. आता सही करतो.
तोइवो ह्युत्तिनेन, शेतकरी