अंगठीचं बोट

१२ नोव्हेंबर २००९, गुरुवार
स्वतःच्या हाताने स्वतःची वाट लावली. प्राचीच्या लॅपटॉपवर नवी सिस्टीम टाकून दिली. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. महेशदादा गोडाऊनमध्ये चार हमालांसमोर म्हणाला, "कॉलेज अर्धं सोडून आलास, येतं तरी काय रे तुला?" डोकं सटकलं. म्हटलं, बहिणीचा लॅपटॉप द्या, नवा करून दाखवतो. केला. सगळं मस्त, फक्त बोट ओढून लॅपटॉप उघडायची ती बारीक पट्टी मेली. बोट ओढा नाहीतर डोकं आपटा, ढिम्म.
संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, त्या पट्टीचा ड्रायव्हर नवीन टाकावा लागेल. तिचे वडील, नाना, झोपाळ्यावर. "आपला जुना ड्रायव्हर काय वाईट हाय? पितो, पन गाडी सरल चालवतो." सगळे हसले. प्राची सगळ्यात जास्त. मीही हसायला गेलो आणि तेवढ्यात आठवलं, त्या पट्टीत कुणाचं बोट आहे ते.

१३ नोव्हें., शुक्र.
झोप नाही.
माझं बोट आहे. उन्हाळ्यात ती प्रोजेक्टची प्रिंट काढायला राहनाळला गोडाऊनच्या ऑफिसात लॅपटॉप घेऊन आली होती. स्क्रीनवर दोन हातांचं चित्र येतं, ज्या बोटाचा ठसा द्यायचा त्यावर क्लिक करायचं. तिने स्वतःच्या उजव्या हाताचं पहिलं बोट दिलं. मग डाव्या हाताच्या अंगठीच्या बोटावर क्लिक केलं, माझा डावा हात ओढला आणि पट्टीवर माझं अंगठीचं बोट फिरवलं. म्हणाली, "इथे आता दुसऱ्या कुणाचं यायचं नाही." मी आठवडाभर हवेत होतो.
आज वाचलं, सिस्टीम बदलली तरी ठसे पट्टीच्या आतच राहतात. म्हणजे पट्टी जिवंत झाली की मी पण.
तिचं पनवेलच्या स्थळाशी जवळपास ठरलंय म्हणे. आणि महेशदादाने मागे तिच्याकडे बघून हॉर्न वाजवणाऱ्या टेंपोवाल्याला मानकोली नाक्यावर काय केलं ते मी बघितलंय. त्याचे दात…
ठरलं. पट्टी चालू करायचीच नाही. जळली म्हणून सांगायचं.

१५ नोव्हें., रवि.
जमलं नाही. दादा खुर्ची उलटी करून माझ्या खांद्याशीच बसला. "हा तिच्याबरोबर सासरी जाणार. त्यात खोट नको." डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह. जुना ड्रायव्हर काढला, नवा उतरवला, नेट रांगत होतं. तोंडाने म्हणत होतो, होईल दादा. मनात, नको होऊ बाबा नको होऊ. बंद करून चालू केला. झाला.
प्राचीने उजवं बोट ओढलं, उघडला. नाना म्हणाले, "पोरगा हुशार हाय." मी झाकण लावायला हात पुढे केला. तेवढ्यात दादाने ते हातांचं चित्र बघितलं. दोन बोटांवर हिरवी खूण. "ते दुसरं पण लाव गं."
तिने डावं बोट ओढलं. ओळख पटली नाही. परत ओढलं. ओळख पटली नाही.
नाना म्हणाले, "न्येमका अंगठीचाच बोट बंद परला काय गो?"
सगळे हसले. ती माझ्याकडे बघत होती. दादा मला म्हणाला, हे बोट चालू झाल्याशिवाय काम संपलं म्हणायचं नाही.
चालू काय करू? ते चालूच आहे.

१७ नोव्हें., मंगळ.
दुपारी फोन केला तिला. म्हटलं, तेवढी खूण पुसून टाक, तुझ्या बोटाने उघडून दोन क्लिकचं काम. नाही म्हणाली. समजावलं. नाही. शेवटी म्हटलं, अगं दादा जीव घेईल माझा.
"नानांसमोर उभा राहून सांगेन, असं कोण म्हणायचं रोज?"
"म्हणायचो ना. सांगणार पण."
"मग घाबरतोस कशाला? मी नाही पुसणार. तुला पुसायचं असेल तर तसं सांग मला."
मोबाइल भिंतीवर फेकला. बॅटरी एकीकडे, झाकण एकीकडे. आमचे हमाल अस्लमभाई गोणी उतरवता उतरवता थांबले. "बाबू, ग़ुस्सा किसका है और मार कौन खा रहा है?" झाकण त्यांनीच शोधून दिलं.
जोडून मिस कॉल दिला. परत दिला. नाही आला तिचा.

१९ नोव्हें., गुरु.
दादा नाक्यावर रिपेअरिंगवाल्याला विचारून आला. माझ्या टेबलावर टेकून अगदी हळू बोलला. तो ओरडतो तेव्हा बरा वाटतो.
"नोंदवलेलं बोट चालत नाही, म्हणजे ते तिचं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी आहे."
मी म्हटलं, नव्या सिस्टीममध्ये अशी गडबड होते कधीकधी.
"असेल." माझ्या हातांकडे बघितलं त्याने. की मला वाटलं? हात टेबलाखाली घ्यावेसे वाटले, घेतले नाहीत. घेतले असते तर कळलं असतं.
रविवारी ज्याने ज्याने तो लॅपटॉप हातात घेतलाय त्या सगळ्यांना घरी बोलावलंय. मावसभाऊ, गोडाऊनची पोरं. एकेकाने बोट लावायचं. "तू पण ये सुजित. मशीन तूच चालव."
तो गेल्यावर खोकी फाडायचा कटर घेतला. बोटाच्या पेरावर टेकवला. कापलं तरी कळणार, ज्याच्या बोटाला बँडेज तोच. ठेवून दिला.

२१ नोव्हें., शनि.
आज दादाने लॅपटॉपच माझ्या टेबलावर आणून ठेवला. "उद्यासाठी बघून ठेव." आणि टेंपो घेऊन गेला.
केबिनचं दार लावलं. बोट ओढलं. एका फटक्यात उघडला. त्या घरात मला ओळखणारी एकच वस्तू.
आत गेलो. डावा हात, अंगठीचं बोट, 'ठसा पुसायचा का?' हो, नाही. कर्सर 'हो'वर.
मग विचार आला, दादाने हा माझ्याकडे मुद्दाम ठेवला असेल तर? खूण गेली की कुणी पुसली ते कळायला उद्याची पण गरज नाही. आणि खूण राहिली तर उद्या. आणि पुसली तर तिला काय सांगू? पुसली म्हणून सांगू?
किती वेळ बसलो माहीत नाही. बाहेर टेंपोचा आवाज आला तसा झाकण लावलं. 'नाही'वर क्लिक केलं, की काहीच न करता लावलं, खरंच आठवत नाही. 'हो' नाही दाबलं. नक्की नाही.
बहुतेक नाही.

२२ नोव्हें., रवि., सकाळ
तिचा फोन. वाटलं म्हणेल, गावी निघून जा दोन दिवस. मी बॅग पण बघून ठेवली होती.
"येतोयस ना?"
हो म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं.
"पुसलंस का?"
नाही म्हटलं.
 मागे नाना कुणाला तरी चहा दे म्हणत होते. बरीच माणसं जमलीत वाटतं.
"हात धुवून, नीट पुसून ये. ओलं बोट घेत नाही ते."
ठेवला.
आई विचारते, एवढ्या सकाळी कुठे? नानांकडे, लॅपटॉप बघायला. मग शर्ट तरी इस्त्रीचा घाल म्हणाली.
घातलाय. साबणाने हात धुतला, टॉवेलला पुसला. परत ओला. पँटला पुसला.
परत ओला.