कावानी टेबलाशी बसत नाही

प्रिय बाबा,

दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्ही आधी पाकीट उलटसुलट करून बघाल, मग चष्मा शोधाल. घाबरू नका, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. ओस्मार अजून त्याच शाळेत शिकवतो, माझं छपाईचं दुकान चाललंय. पण घरात आता तिसरं माणूस आहे. आठ वर्षांची मुलगी. तिचं नाव कावानी.

मूल दत्तक घेतोय हे सांगायला मी फोन केला होता, तेव्हा तुम्ही म्हणालात, "नका करू असं. परक्याचं पोर घरात परकंच राहतं." आमच्या लग्नात ओस्मारला पोटाशी धरणारा माणूस हे बोलतोय, म्हणून मला ते फार लागलं. दोन पुरुषांच्या घरात मूल तुम्हाला नको आहे, एवढाच अर्थ मी घेतला आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर आम्ही कोर्टाचा सक्तीचा वर्ग केला. बारा जोडपी, त्यात दोन पुरुषांचं जोडपं आमचं एकच. कॉफीच्या सुट्टीत एकाने विचारलं, "वेणी कोण घालणार?" सगळे हसले, आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र ओस्मार अर्ज फाडायला निघाला होता. तेवढ्यात कुणीतरी झुलेइदेबाईंचा पत्ता दिला. बाई आयुष्यभर शिवणकाम करत आल्या, चार दत्तक मुलं वाढवली, आणि दर शनिवारी आपल्या अंगणात दत्तक आईबापांना जमवतात. आमच्यासारखी आणखी तीन जोडपी तिथे भेटली. पहिल्याच दिवशी ओस्मार घसा खाकरून आमची ओळख करून द्यायला लागला, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं पुरुष आहात ते दिसतंय मला. पोर तापलं तर रजा कोण टाकणार, ते बोला!" त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ओस्मार मोकळा हसला.

कावानीला येऊन एक्केचाळीस दिवस झाले. नव्वद दिवस एकत्र राहून बघायची परीक्षा आहे, मग कोर्ट शेवटचं ठरवणार. आधी एका कुटुंबाने तिला नेऊन परत पाठवलं होतं. आमच्या आधी उठून ती अंगण झाडते, ओस्मारचे शर्ट धुते. ताटात मक्याचा वाफवलेला कुसकुस वाढला की ताट उचलून स्वयंपाकघरात जाते आणि भिंतीला पाठ लावून उभ्यानेच खाते. "इथे बस ना," म्हटलं की म्हणते, "मी इथेच बरी." आम्हाला आधी वाटलं, पोर किती गुणाची! गेल्या मंगळवारी तिच्या हातून पेला फुटला. मी केरसुणी घेऊन येईपर्यंत ती पिशवी भरून दाराशी बसली होती. म्हणाली, "गाडी कधी येणार?"

दुसऱ्याच दिवशी कोर्टाच्या समाजसेविका आल्या. त्यांनी तिला प्रेमाने विचारलं, इथे आवडतं का? कावानी म्हणाली, "हो. मी सगळी कामं करते, म्हणून ते मला ओरडत नाहीत." बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि जाताना कॉफीही घेतली नाही. दोन पुरुष, आठ वर्षांची पोर, आणि दोरीवर तिने धुतलेले शर्ट. काय लिहिलं असेल, बाबा? तेव्हापासून ओस्मार शर्ट लपवून ठेवतो, ती शोधून काढते.

मी झुलेइदेबाईंकडे धावलो. त्या म्हणाल्या, "तिला वाटतंय ही नोकरी आहे, आणि ती टिकवायला धडपडतेय. आईबापाची बाजू मी सांगेन रे, पण त्या पोराची बाजू मला माहीत नाही. असं वाढलेलं कुणी आहे का तुझ्या ओळखीत?" मी नाही म्हणालो.

खोटं बोललो. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा तिने मला सांगितलं होतं की सहा वर्षांचे असताना तुम्हाला मळेवाल्यांच्या घरी दिलं. ते लोक पाहुण्यांना सांगायचे, "हा आमचाच मुलगा," आणि त्यांची मुलं वर्गात बसायची तेव्हा तुम्ही बाहेर घोडा धरून उभे राहायचात. तुम्ही यातलं अवाक्षर कधी काढलं नाहीत, म्हणून मीही विचारलं नाही. काल कावानी मोरीशी उभी होती. तिची पाठ बघताना मला एकदम कळलं, फोनवर तुम्ही आमच्याबद्दल बोलतच नव्हता. एका पोराला तुमच्यासारखे दिवस येऊ नयेत, एवढंच म्हणत होता. आणि मी दोन वर्षं तुमच्यावर रुसून बसलो. चुकलो, बाबा.

पण माफीसाठी हे पत्र नाही. तुमची परवानगी मागायलाही नाही. समाजसेविकेने जे लिहिलं त्यावर पुढच्या गुरुवारी कोर्टात तारीख आहे, त्याआधी तुम्ही या. मळेवाल्यांच्या त्या घरात कुणी काय बोललं असतं, काय केलं असतं, म्हणजे तुम्ही निर्धास्त टेबलाशी बसला असतात? हे आम्हाला कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. आज सकाळी तिने विचारलं, "मी इथे किती दिवस आहे?" मी म्हणालो, कायमची. तिने समजूतदारपणे मान हलवली आणि भांडी घासायला घेतली. माझा शब्द तिला पुरत नाही, बाबा. तुमचा पुरेल.

तुमचाच,
आदेल्मो