कोंबड्यांपुढचा कोंडा

बुधवार, संध्याकाळ

अजून आठवतं, एका सकाळी मी अंगण झाडून कोंबड्यांना कोंडा टाकत होते आणि हे ओटीवर बसून बघत होते. म्हणाले, "कोंबड्यांची मजा हाय गं. आपल्या ताटात नुसता पांढरा भात." मी हसले. त्यांची ती शेवटची थट्टा. नंतर वर्षभर गप्प गप्पच होते, आणि गेलेही तसेच.

आज वाचनालयातल्या मासिकात मॅग्नेशियमबद्दल वाचलं. आहारात ते कमी पडलं तर मनही खचत असेल, असं काहींना वाटतं. खात्री नाही, असंही लिहिलंय. नाचणीत असतं, पालेभाजीत असतं. तांदळातलं बरंचसं कोंड्यात निघून जातं.

कोंड्यात. दहिवलीच्या गिरणीत मी दोनदा पॉलिश करून घ्यायचे. लेकीच्या सासरचे येतात, त्यांना तांबूस भात कसा वाढायचा, म्हणून. नाचणीची भाकरीही तेव्हाच बंद केली.

लेकीला फोन केला. "आई, बाबांना डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. ते आपण दोघींनीही केलं नाही. त्यात तांदूळ कुठे आणतेस?"

बरोबर आहे तिचं. तरी तो कोंडा डोळ्यांपुढून जात नाही. आणि जवळ बसून एकदाही विचारलं का नाही मी, गप्प का हो?

गुरुवार

टरफलासकटचं भात गिरणीत नेलं. "काकू, नेहमीसारखं दोनदा ना?"

"नको. नुसतं टरफल काढ."

हा तांदूळ शिजायला वेळ लागतो. मी पातेल्याजवळ बसून राहिले.