मधल्या खोलीचं दार

चिखली,
ता. १० मे १९६४

चि. सौ. वच्छलेस, तुझ्या बापाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, पण त्याचं आता नवल नाही. जावईबापूंना नमस्कार, पोरांना पापा.

पोरांच्या शाळेसाठी जूनमध्ये आपल्या भाड्याच्या मधल्या खोलीत राहायला येऊ का, असं तू विचारलंस. माझी ना नाही. पण चिखलीत पाण्याची ओढ आहे. डासही फार. भाडेकरू भगवंतराव गेले, त्यांची बदली झाली. खोली जरा मोकळी राहू दे.

एक नवल सांगतो. त्या खोलीचं दार अडकतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून मी वरून रंधा मारला. पुढच्या साली पुन्हा अडकलं, पुन्हा रंधा. पण यंदा ऐन वैशाखात अडकलं! वाळलेलं लाकूड फुगेल कसं? शेजारच्या दोन्ही खोल्यांची दारं नीट. माझं डोकं चालेना. भगवंतरावांची बायको बेबीताई चिडवायची, "काका, असंच रंधून राह्यले तं एक दिवस नुसती कडी उरन!"

परवा धाब्याच्या छतावर पांढरी माती टाकायला चढलो. लोक जुना थर खरवडून नवा टाकतात. मला खरवडायची धास्ती. गळायला लागलं तर? म्हणून मी दर साली जुन्यावरच टाकत आलो. मधली खोली गळकी, तिच्यावर जास्तच. तर वर पाहतो काय, कठडा माझ्या घोट्याशी! बांधला तेव्हा गुडघ्याला लागायचा. कठडा खचला की मीच उंच झालो, काही कळेना. मग पायाखाली पाहिलं. मटकन बसलो, आणि लगेच उठलो. कुठं बसलोय ते ध्यानात आलं.

खाली येऊन बघितलं. तुळई वाकून दाराच्या चौकटीवर टेकलेली. एक भाडेकरू जायचा, दुसरा कमी भाड्यात यायचा, आणि मी डागडुजी म्हणून आणखी माती टाकायचो.

वच्छले, भगवंतरावांची बदली झालेली नाही. ते याच गावात दुसरीकडे राहतात. छताचं ढेकूळ पाळण्यात पडलं. लेकरू तेव्हा बेबीताईच्या मांडीवर होतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "काका, तुम्ही सदा दारच पाह्यता. एकदा वर पाहा नं." आणि मी वर काय करायला चढलो होतो? माती पडली म्हणून माती टाकायला.

तुझं पत्र समोर ठेवून पाण्याचं आणि डासांचं लिहिलं. ते खोडत नाही, पण कारण ते नाही.

माती उतरवणं चालू आहे. जानराव सुतारानं टेकू दिलाय, तुळई बदलायची ठरली. ओझं उतरलं तसं दार सैल झालं. इतकं रंधलंय की लावलं तरी वर चार बोटं फट राहते. काल तिथून चिमणी आत गेली. नवं दार करू का विचारलं, तर जानराव म्हणतो, "राहू द्या ना बुवा, हवा येईन."

नव्या तुळईखाली आधी मी राहून बघतो. मग पत्र टाकीन, तेव्हाच पोरांना घेऊन ये. आलीस की शिडी तुझ्या ताब्यात ठेव. मी मातीची पाटी घेऊन मागायला आलो, तर देऊ नको.

तुझ्या वाटेकडे आणि छताकडे आळीपाळीनं बघणारा
तुझा बाप,
इंद्रभान