तुझ्या फाटकाबाहेरचं घर

प्रिय भिंगरी,

आज मी वैतागलेली आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना आईचं काय बिनसलंय असं तुला वाटायला नको. जे बिनसलंय ते तुझ्या बाबांचं, आणि निस्तरतेय मी. तू पडलीस, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, त्यानंतर कितीतरी आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही, जावयांची ड्युटी रात्रीची. हे सगळं तू फोनवर सांगत होतीस तेव्हा तुझे बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. म्हणजे पेपर उलटा नव्हता एवढंच, वाचत काही नव्हते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "जायला हवं." माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच पुढचं वाक्य आलं, "पण त्या घरात नाही."

हे 'त्या घरात नाही' आता तीन वर्षं ऐकतेय. तुझं घर तेव्हा नवं, नळ गळका, आणि तुझे बाबा पान्हा घेऊन ओट्याखाली शिरलेले. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पाण्याचा फवारा उडाला, स्वयंपाकघरात तळं झालं, आणि ते अजून ओट्याखाली असतानाच जावयांनी प्लंबरला फोन लावला. तू म्हणालीस, "बाबा, राहू द्या ना, माणूस येतोय." ते भिजलेल्या मोज्यांनिशी बाहेर आले आणि म्हणाले, "माणूस येतोय, तर मग मी कोण?" या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, हेही तेव्हाच म्हणाले. तू त्यांचीच मुलगी. "नका ठेवू," म्हणालीस. झालं. एका नळापायी दोघांच्या तोंडाला कुलूप.

तर आता उपाय काय काढला, तर गाडीच्या मागे जोडून न्यायचा ट्रेलर घ्यायचा. चाकांवरचं घर. पलंग, स्वयंपाकघर, न्हाणीघर सगळं आतच. तो तुझ्या फाटकाबाहेर उभा करायचा. मी दिवसा आत येऊन तुझं सगळं करायचं, आणि हे बाहेर त्यांच्या स्वतःच्या घरात बसणार. म्हणजे लेकीकडे गेलोही आणि गेलोही नाही! मी हसले, तर म्हणाले, यात हसण्यासारखं काय आहे? आणि घ्यायचाच तर उत्तमातला उत्तम, जावयांच्या दारात खटारा उभा करून शोभा करून घ्यायची नाही.

त्या दिवसापासून आम्ही ट्रेलर बघतोय. अगं, तुझ्या लग्नाला स्थळं बघितली नसतील इतके! आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलेला माणूस, समोरचा चुकणार हे गृहीत धरूनच गाडीत बसणारा. शोरूममध्येही तसंच. पहिल्या ट्रेलरच्या खिडक्यांचे कोपरे अंगठ्याने दाबून पाहिले. भिंत कुठे मऊ लागली तर समजायचं पाणी मुरलंय, असं मला मोठ्याने शिकवत होते. कपाटात डोकं घालून वासही घेतला. सांधे फार आहेत, आज ना उद्या गळणार, नको. दुसऱ्यात मला चक्क पलंगावर झोपायला लावलं. बाहेर एक कुटुंब आपली पाळी येण्याची वाट बघत होतं, आणि मी चपला काढून आडवी. भिंतीकडच्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं, म्हणून तोही नको. तिसरा दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला, तर सगळे खण एकदम बाहेर आले. विक्रेत्याचा चेहरा बघवत नव्हता.

चौथा मात्र खरोखर देखणा होता. सगळं बाहेरचं कवच एकसंध, कुठे जोड नाही. दुहेरी काचा. पलंगाला दोन्ही बाजूंनी उतरायला जागा. पाय गारठू नयेत म्हणून जमीनसुद्धा ऊबदार करण्याची सोय. मला तर वाटलं, लेकीचा गुडघा राहू दे, मीच इथे राहते. पण तुझ्या बाबांनी विचारलं काय, तर पाण्याची टाकी किती दिवस पुरेल. टाय लावलेला विक्रेता म्हणाला, दोघांना चारेक दिवस, पण काका, जिथे थांबाल तिथून पाइप लावून भरता येते की. बाबांचा चेहरा पडला. पाइप तुझ्याच नळाला लावावा लागणार ना! मग काय सुचलं कोण जाणे, खाली बसले आणि तिथल्या ओट्याखाली शिरले. इथला कॉक हाताला येतो का ते बघायला. आणि तो टायवाला अगदी आदराने म्हणाला, "काका, राहू द्या, आमचा माणूस बघेल."

मला वाटलं, आता इथेही काहीतरी बोलून बसणार. पण ते हळूहळू बाहेर आले, गुडघे झटकले, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "चल." गाडीत बसल्यावर बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. मला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी रागही आला. एवढं लागलंय मनाला, तर बोलावं ना माणसाने!

परवा पाचवा बघितला. म्हणजे बघितला नाही, कारण तो अजून झालेलाच नाही. आपण सांगू तसा बनवून देतात. मोठी टाकी, पलंग असा, खण तसे, खिडक्या अशा, सगळं तुझ्या बाबांनी उत्साहाने सांगितलं आणि ऑर्डर घेणाऱ्या बाईंनी एकदाही नाही म्हटलं नाही. मिळणार कधी, तर आठ महिन्यांनी. मी म्हटलं, अहो, पोरीचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे! तर म्हणतात, "चांगल्या कामाला वेळ लागतोच. तोवर ती बरी होईल, मग निवांत जाऊ." आणि घरी येताना शीळ घालत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

त्या शिळेने माझं डोकं फिरलं, आणि त्याच शिळेने डोक्यात उजेडही पडला. या माणसाला ट्रेलर नकोच आहे. यांना तुझ्याकडे यायचंय, पण भीती वाटतेय. फाटकाबाहेर उभं राहिलो, एक दिवस गेला, दोन गेले, आणि आतून कुणी बोलावलंच नाही तर? म्हणून कधी खण वाईट, कधी टाकी लहान, आणि आता आठ महिने. घरी आल्याआल्या मी सांगून टाकलं, तुमचा ट्रेलर तुम्हाला लखलाभ, मी बसने लेकीकडे चालले. तुमच्या शपथेत मी नाही. आज सकाळी बघते तर गाडी धुताहेत. पुसून झाली तरी पुन्हा धुताहेत. म्हणाले, बसमध्ये तुझी कंबर धरेल, मी सोडतो. पण फाटकापर्यंतच.

म्हणून हे पत्र. फोनवर हे बोलता येत नाही, ते शेजारच्या खुर्चीत असतात. तू हॉस्पिटलातून घरी येशील त्याच दिवशी दुपारी आम्ही पोचू. तुला उठून दाराशी येता येणार नाही, मला ठाऊक आहे. उठायचा प्रयत्नही करू नकोस. फक्त तुझ्या खोलीची खिडकी उघडी ठेव, आणि गाडीचं दार वाजलं की पडल्यापडल्या एकदा मोठ्याने म्हण, "बाबा, आत या." माफी मागू नकोस, त्यांच्याकडूनही अपेक्षा ठेवू नकोस, आणि जावयांकडून हाक मारवू नकोस. तुझाच आवाज हवा. तुला हे जड जाईल. तू नाही हाक मारलीस, तरी मी आत येणारच आहे, तुझं सगळं करणारच आहे. पण मग ते गाडी वळवून परत निघतील, एवढा लांबचा रस्ता एकटे, आणि यापुढे कधी 'जायला हवं' म्हणणार नाहीत. तेवढं मात्र माझ्याच्याने बघवणार नाही गं.

बॅग भरून बसलेली,
तुझीच,
आई